शिक्षिकेची शाळा



आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत प्रत्येकीने आपल्याला ठाऊक असलेले काहीतरी लिहावे, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले. कुणी पाककृती दिल्या, कुणी जात्यावरच्या ओव्या जमवल्या. मी जरा निराळा विषय घेतला आहे. आपल्या आळीत दरवर्षी दोन-चार मुली बी. ए., बी. एस्सी. होतात आणि लगेच घराघरांत बोलणे सुरू होते, "आता बी. एड. ला कुठे घालायची?" फी किती, बसभाडे किती, गाव किती लांब, एवढ्यावर आपण तो प्रश्न सोडवतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझ्याच घरात हा प्रश्न उभा राहिला तेव्हा मी वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागले. वाचता वाचता ध्यानात आले की, हायस्कुलात शिकवणाऱ्या बाईने शिकवायला शिकावे कुठे, हा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना आहे. आपल्या आधीच्या बायकांनी तो सोडवताना जे सोसले, त्यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे सापडते. ती हकीकत जमेल तशी सांगते.

फार पूर्वी, शिकवायलाही शिकावे लागते ही कल्पनाच नव्हती. गावचा पंतोजी धुळाक्षरे गिरवून घेई, पाढे घोकून घेई, छडी मारी. "पंतोजी, तुम्ही हे शिकवायला कुठे शिकलात?" असे त्याला कुणी विचारले नाही. ज्याला येते त्याला शिकवताही येते, असा सगळ्यांचा समज होता. हा समज किती खरा ते आपल्या स्वयंपाकघरात कळते. उत्तम भाकरी करणाऱ्या प्रत्येक सासूला सुनेला भाकरी शिकवता येत नाही. एक नुसतीच "अगं, अशी नव्हे" म्हणत राहते. दुसरी पीठ किती मळायचे, पाणी कधी लावायचे, काठ कुठे फाटतो हे शेजारी बसून दाखवते, आणि मग सुनेला स्वतः थापू देते. पहिली चार बिघडल्या तरी गप्प राहते. या दुसरीच्या हाताखाली सून तयार होते. शिक्षकाचे शिक्षण म्हणजे हेच शेजारी बसणे आहे.

आपल्याकडे मास्तरांना असे शिकवण्याची खटपट इंग्रजी अमलात सुरू झाली. १८४५ च्या सुमारास मुंबईत अध्यापनाचा वर्ग निघाला आणि त्याची देखरेख 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. अशा वर्गाला तेव्हा 'नॉर्मल स्कूल' म्हणत. हा वर्ग अर्थातच पुरुषांसाठी होता.

बायकांच्या बाजूने पहिले नाव घ्यायचे ते सावित्रीबाई फुल्यांचे. नायगाव हे त्यांचे गाव आपल्याच सातारा जिल्ह्यातले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोकांनी अंगावर शेण-चिखल फेकला, ती गोष्ट आपण सगळ्या जाणतो आणि ३ जानेवारीला सांगतोही. एक गोष्ट मात्र आपण सांगत नाही. जोतीरावांनी त्यांना घरी लिहावाचायला शिकवलेच, पण शिक्षिकेचे काम शिकण्यासाठी त्या अहमदनगरला मिस फरार बाईंकडे आणि पुण्याला मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कुलात गेल्या, असे चरित्रकार लिहितात. म्हणजे आपल्याकडची ही पहिली शिक्षिका शिकून तयार झालेली शिक्षिका होती. त्या काळी नगरला जाऊन शिकायचे ही केवढी गोष्ट! मला वाटते, अंगावर चिखल झेलण्याइतकेच धैर्य त्या जाण्यालाही लागले असेल.

१८५४ साली वुडसाहेबाचा खलिता आला. शाळा वाढवायच्या तर आधी शिक्षक तयार करा, त्यासाठी ट्रेनिंगच्या शाळा काढा आणि शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्या, असे त्यात सांगितले होते. पुरुषांची ट्रेनिंग स्कुले निघू लागली. मुलींच्या शाळांना बायका कुठून आणायच्या, हा पेच तसाच राहिला. १८६६ साली मेरी कार्पेंटर नावाच्या इंग्रज बाई हिंदुस्थानात आल्या. त्यांनी ठिकठिकाणच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. सगळीकडे पुरुष मास्तर आणि मुली जरा मोठ्या झाल्या की शाळेतून काढलेल्या, हे पाहून त्यांनी सरकारकडे आग्रह धरला की, स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या शाळा काढल्याखेरीज मुलींचे शिक्षण पुढे जाणार नाही. त्यानंतर १८७० साली पुण्यात बायकांचे सरकारी ट्रेनिंग कॉलेज निघाले.

कॉलेज निघाले, पण त्यात यायचे कुणी? मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. मोठ्या वयाच्या आणि शिकायला मोकळ्या अशा बायका म्हणजे एक तर विधवा, नाही तर शाळामास्तरांच्या बायका. मास्तरांनी आपल्या बायकोला तेथे घालावे आणि पुढे दोघांनी एकाच गावी काम करावे, अशी सोय बघितली जाई. कॉलेज निवडण्याचा प्रश्न त्या बायकांपुढे नव्हताच. घरच्यांनी पाठवले तर जायचे, एवढेच त्यांच्या हाती होते.

१८८२ साली हंटर कमिशन बसले. त्याच्यापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले आणि पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. रमाबाई तेव्हा अवघ्या चोवीस वर्षांच्या, नवरा गेलेला, पदरी लहानगी मनोरमा. मुलींना शिकवायला बायकाच हव्यात, त्या चांगल्या शिकून तयार झालेल्या हव्यात आणि मुलींच्या शाळा तपासायलाही बायकाच हव्यात, असे त्यांनी कमिशनपुढे सांगितले. नुसत्या साक्षीवर त्या थांबल्या नाहीत. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. तेथे शिकलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, ज्या पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

येथपर्यंत सगळी गोष्ट प्राथमिक शाळांची झाली. हायस्कूलची गोष्ट १८८४ नंतरची. त्या वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक या मंडळींनी मुलींचे हायस्कूल काढले, जे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्या सुरुवातीच्या मुख्य बाई मिस हरफर्ड या इंग्रज होत्या. इंग्रजी, गणित, शास्त्र हे विषय वरच्या वर्गांना शिकवील अशी आपल्यातली बाई मिळणे तेव्हा फार अवघड होते. त्यासाठी आधी मॅट्रिक व्हायचे, मग कॉलेजात जायचे आणि मग शिकवायला शिकायचे, अशा तीन पायऱ्या होत्या. त्यातली तिसरी पायरी तर आपल्या प्रांतात बांधलीच गेली नव्हती. पदवी घेतलेला माणूस सरळ वर्गात उभा राही. मद्रासला सैदापेठेच्या ट्रेनिंग कॉलेजात पदवीधरांना शिकवण्याचे शिक्षण मिळे. मुंबई इलाख्यात तशी सोय व्हायला विसावे शतक उजाडले.

आता जे सांगते ते नीट लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९०४ साली, कर्झनसाहेबाच्या कारकिर्दीत, हिंदुस्थान सरकारने शिक्षणाविषयी एक ठराव प्रसिद्ध केला. पदवीधरांसाठी एक वर्षाचे ट्रेनिंग असावे, ट्रेनिंग कॉलेजाची सामग्री इतर कॉलेजांच्या तोडीची असावी आणि प्रत्येक ट्रेनिंग कॉलेजाला जोडून सरावाची शाळा असावी, असे त्यात म्हटले होते. तेथे शिकून गेलेल्या शिक्षकांशी कॉलेजाने पुढेही संबंध ठेवावा, असेही सांगितले होते. कर्झनसाहेबाशी आपल्या लोकांची पुष्कळ भांडणे झाली, आणि ती रास्तच होती. पण ही सरावाच्या शाळेची गोष्ट मला पटली. मुले समोर नसतील तर शिकवायला शिकायचे कसे? भाकरी कागदावर थापता येत नाही.

१९०६ साली मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. ते आजही आझाद मैदानाजवळ चालू आहे. पूर्वीच्या मास्तरांच्या नावापुढे 'एस. टी. सी.', 'बी. टी.' अशी अक्षरे असत, ती आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. बी. टी. म्हणजेच आताचे बी. एड. कितीतरी वर्षे बी. टी. व्हायचे म्हणजे मुंबई गाठायची, असेच आपल्याकडच्या लोकांना होते. नागपूर-वऱ्हाडकडच्या पदवीधरांना जबलपूरच्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजापर्यंत जावे लागे. पुरुष कुठेही खोली करून, खाणावळीत जेवून वर्ष काढी. बाईला मात्र मुंबईत नात्यातले बिऱ्हाड असेल तरच जाता येई. कॉलेजाचे दार तिला बंद नव्हते. रात्री परतायचे दार नव्हते.

हे दुसरे दार अण्णासाहेब कर्व्यांनी ओळखले. त्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे पुण्याजवळ हिंगण्यास गेला. आधी राहणे, जेवणे, सोबत. मग शिक्षण, असा तो क्रम होता. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापले आणि पुढच्याच वर्षी प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिकाशाळा सुरू केली. पुण्यातच १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले; तेथेही बायकांना राहून शिकवण्याचे शिक्षण घेता येऊ लागले. विधवा, परित्यक्ता, गरीब घरच्या कितीतरी बायका या दोन संस्थांतून शिक्षिका होऊन बाहेर पडल्या आणि गावोगावच्या शाळांतून 'बाई' झाल्या.

पण येथेच एक तिसरी गोष्ट शिकायला मिळते. कर्व्यांच्या विद्यापीठाची पदवी 'गृहीतागमा', म्हणजे जी. ए. शिक्षण मराठीतून, बायकांना उपयोगी पडेल असे. परंतु सरकारने त्या विद्यापीठाला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा १९५१ साली दिला. म्हणजे तब्बल पस्तीस वर्षे तेथील पदवीधर बाईला "तुमची पदवी बरोबरीची नाही" हे ऐकून घ्यावे लागे. तिच्या विद्येत उणे काहीच नव्हते. तरीही कागदावरची मान्यता नसली म्हणजे नोकरीच्या दारात काय होते, हे त्या बायकांनी भोगले आहे. आपण आज 'मान्यता आहे का?' हा प्रश्न कंटाळून विचारतो, त्यामागे एवढी मोठी कहाणी आहे.

मुंबईबाहेर, आपल्या जवळ, हायस्कूलच्या शिक्षकांची सोय व्हायला आणखी काळ गेला. १९४१ साली पुण्यात शिक्षण प्रसारक मंडळीने टिळक कॉलेज ऑफ एज्युकेशन काढले. या मंडळीच्या हाती नूतन मराठी विद्यालयासारखी नावाजलेली शाळा आधीपासून होती, हे ध्यानात घ्यावे. आणि १९५५ साली आपल्या साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेने आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली संस्था काढली, वसतिगृहे चालवली, १९३५ साली प्राथमिक शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज काढले. गांधीजी गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ एकशे एक हायस्कुले काढायचा संकल्प सोडला. इतकी हायस्कुले खेडोपाडी निघायची तर शिकवणारे कुठून आणायचे? मुंबई-पुण्याचा बी. टी. झालेला माणूस आडगावात टिकायचा नाही. म्हणून शिक्षक इथेच तयार करायचे. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही, हे आपल्या जिल्ह्यात पोरासोरांना ठाऊक आहे. १९३० साली त्या वारल्या. हे कॉलेज त्यांनी पाहिले नाही. तरी त्याच्या पायात त्यांचे सोने आहे, असे मला वाटते.

या सगळ्या हकीकतीत एक धागा मला दिसला. ज्यांनी ज्यांनी शिक्षक घडवण्याचे कॉलेज चांगले चालवले, त्यांच्या हाताशी मुले आधी होती. आधी शाळा, मग तिला लागणाऱ्या शिक्षकांसाठी कॉलेज, हा क्रम होता. पुढे पुढे तो क्रम सुटला.

असे काही होईल याची शंका शहाण्या माणसांना फार आधी आली होती. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सचिव जे. पी. नाईक, म्हणजे आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. या आयोगाने स्पष्ट लिहिले की, शिक्षकांचे ट्रेनिंग विद्यापीठापासून तुटले आहे, शाळांपासून तुटले आहे आणि ट्रेनिंग कॉलेजे एकमेकांपासूनही तुटली आहेत. जेथे शिकवायचे त्या शाळेशीच संबंध नाही, मग ते ट्रेनिंग कसले? पुढच्या काळात शिक्षकाची नोकरी म्हणजे आयुष्याची भाकरी असे झाले, मुलामुलींची रीघ लागली आणि विनाअनुदानित कॉलेजे भराभर निघाली. त्यांना शिस्त लावण्यासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ साली झाला आणि १९९५ पासून ती काम करू लागली. तरी कॉलेजांचे पीक थांबले नाही. आपल्या महाराष्ट्रातील डी. एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून २०११ साली न्यायमूर्ती वर्मा यांचा आयोग नेमला गेला. २०१२ साली त्याचा अहवाल आला. त्यानंतर २०१५ पासून बी. एड. एक वर्षाचे होते ते दोन वर्षांचे झाले आणि त्यात निदान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काम केले पाहिजे, असा नियम झाला. म्हणजे १९०४ साली जे सांगितले होते तेच शंभरावर वर्षांनी पुन्हा सांगावे लागले.

आता माझ्या घरचे थोडे सांगते. माझी थोरली मराठी घेऊन बी. ए. झाली. प्रवेश परीक्षेत गुणही बरे पडले. पुढे दोन कॉलेजे आली. एक जवळचे, बसने तासाभराचे. दुसरे परगावचे, वसतिगृहात राहावे लागणारे. सासूबाई म्हणाल्या, "जवळ आहे ते सोडून पोर लांब कशाला?" ह्यांचेही तेच म्हणणे पडले. मी म्हटले, दोन्ही पाहून तर येऊ.

जवळच्या कॉलेजात एक गृहस्थ भेटले. फार गोड बोलले. "ताई, हजेरीची काळजी करू नका. मुलीला घरकाम असेल, लग्नाचे जमत असेल, तर परीक्षेपुरती पाठवा. बाकीचे आम्ही पाहून घेतो." मी विचारले, "सरावाचे पाठ कुठल्या शाळेत घेतात?" ते म्हणाले, "ते सगळे कागदोपत्री होते." मी गप्प बसले. माझ्या मनात आले, कागदोपत्री शिकलेली ही बाई उद्या आपल्याच आळीतल्या चाळीस मुलांपुढे उभी राहणार. त्या मुलांनी काय पाप केले?

दुसऱ्या कॉलेजाच्या आवारात त्यांचे स्वतःचे हायस्कूल होते. आम्ही गेलो तेव्हा पाठ चालू होते. व्हरांड्यात दोघी-तिघी मुली हातात तक्ते आणि टाचणवह्या घेऊन उभ्या होत्या, ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होत्या. खिडकीतून आठवीचा वर्ग दिसला. एक मुलगी मराठीची कविता शिकवत होती. हात कापत होता, खडू दोनदा पडला. मागच्या बाकावरून एका मुलाने शंका विचारली आणि ती एकदम थांबली. शेवटच्या बाकावर त्यांच्या प्राध्यापिका बसल्या होत्या. मला वाटले, आता त्या उठून उत्तर देतील. त्या उठल्या नाहीत. वहीत लिहीत राहिल्या. थोड्या वेळाने त्या मुलीने फळ्यावर शब्द लिहिला, पोरांनाच अर्थ विचारला आणि त्यातून वाट काढली. तास संपल्यावर बाईंनी तिला बाजूला घेतले आणि काठ कुठे फाटला ते सांगितले. माझे मन तेथेच ठरले.

खर्चाचा प्रश्न होताच. आपल्या मंडळाची भिशी दोन्ही वर्षे मी पहिल्याच पाळीला मागून घेतली. तुम्ही सगळ्यांनी ती देऊ केलीत, हे येथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. सासूबाई महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. थोरली आता दुसऱ्या वर्षाला आहे. पाठाच्या आदल्या रात्री फोनवर आजीलाच विद्यार्थिनी करून धडा म्हणून दाखवते, आणि सासूबाईही मुद्दाम अवघड शंका विचारतात. नोकरी लागेल का, हे मी सांगू शकत नाही. आता अभियोग्यता चाचणी आहे, २०१७ पासूनचे ते 'पवित्र' पोर्टल आहे, जागा निघतील तेव्हा निघतील. पण ती वर्गात उभी राहिली तर मुलांचे नुकसान होणार नाही, एवढे मी सांगू शकते.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा हा प्रश्न येणार आहे त्यांनी फीच्या आधी काही गोष्टी विचाराव्यात. सरावाची शाळा कुठली आणि तेथे मुले किती, हे पहिले. शक्य तर पाठ चालू असताना जाऊन डोळ्यांनी पाहावे. मुलीच्या विषयाची अध्यापनपद्धती त्या कॉलेजात आहे का, हे दुसरे. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या मुलीला जागा नाही म्हणून दुसराच विषय गळ्यात बांधला, तर तो जन्मभर बोचतो. परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे का, हे तिसरे. येथे तोंडी उत्तरावर राहू नये, कागद पाहावा. वसतिगृह कॉलेजचे आहे की दुसऱ्या कुणाचे, रात्री तेथे कोण असते, हेही पाहावे. फीमध्ये सवलती असतात. घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या काही प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला आहे. तो आपल्याला लागू पडतो का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे. आणखी एक. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात बारावीनंतर चार वर्षांचे एकत्र शिक्षण आणायचे ठरले आहे. धाकट्या मुली ज्यांच्या घरी आहेत त्यांनी तिकडेही कान ठेवावा.

सावित्रीबाईंना निवडायला कॉलेजे नव्हती. मास्तरांच्या बायकांना निवडायचा अधिकार नव्हता. बी. टी. व्हायची इच्छा असलेल्या कितीतरी जणींना मुंबईत पाठ टेकायला जागा नव्हती. आपल्या मुलींना या तिन्ही गोष्टी मिळाल्या आहेत, तर निवड तरी डोळसपणे करावी.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्या कपाटात एक वही ठेवावी. आपल्या आळीतल्या ज्या मुली बी. एड. झाल्या किंवा होत आहेत, त्यांनी आपल्या कॉलेजाविषयी तीत खरे ते लिहावे: सरावाचे पाठ खरोखर किती घेतले, बाई मागच्या बाकावर बसत होत्या का, वसतिगृहाचे पाणी कसे, भरलेली अनामत परत मिळाली का. दिवाळीत थोरली घरी येईल तेव्हा पहिले पान तिच्याकडून लिहून घेते. दुसरे पान कोण लिहिते ते तुम्ही ठरवा.